टेकडी रोज चढते, तरी वजन हलत नाही

प्रश्न : वय ४२, वजन ६८ किलो. तीन महिने रोज पाऊण तास हनुमान टेकडी चढते-उतरते, जेवणही कमी केलंय. वजन जेमतेम अर्धा किलो उतरलं. काय चुकतंय?
– एक वाचक, पुणे

उत्तर : चालणं मुळीच सोडू नका, ते बरोबर आहे. पण तुमच्या वजनाला त्या पाऊण तासात साधारण २०० ते २५० कॅलरी खर्च होतात. खाली उतरून बशीभर साबुदाणा खिचडी आणि साखरेचा चहा घेतला, की ४०० सहज भरतात.

घरातली मोठी गळती तेलाची. फोडणीला बाटलीतून धार सोडू नका, मापाचा मोठा चमचा वापरा : १५ मिलि तेल म्हणजे १२० कॅलरी. माणशी महिन्याला अर्धा लिटर पुरवून बघा.

जेवण कमी करताना अनेकींचं वरण-उसळ घटतं, पोळ्या मात्र तेवढ्याच राहतात. हे उलटं व्हायला हवं. एक ज्वारीची भाकरी, दोन वाट्या भाजी, वाटीभर घट्ट उसळ, ताक. प्रथिनं दिवसाला ६५ ग्रॅमच्या आसपास हवीत (एका अंड्यात ६, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८), नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. त्यासाठीच आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून हात न टेकता १२ वेळा उठा-बसा, अशा तीन फेऱ्या.

वजन आठवड्यातून एकदा, सकाळी पोट साफ झाल्यावर करा. आदल्या रात्रीच्या पापड-लोणच्यानेही पाणी साचून किलोभर फरक दिसतो.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर खाणं घटवण्याआधी डॉक्टरांना नक्की विचारा. साखर एकदम उतरू शकते.