टेकडीवरचा वणवा: जाळरेषा की ब्लोअर?

तुमचा प्रश्न असा, की पुण्याच्या टेकड्यांसाठी निधी मर्यादित असेल तर सरकारने तो वणवा रोखण्यावर खर्च करावा की विझवण्यावर? माझं स्पष्ट मत: आधी जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत आधीच जाळून मोकळा केलेला पट्टा; मग ब्लोअर, म्हणजे हवेच्या झोताने आग विझवायचं हातातलं यंत्र.

कारण इथं पेटतं ते मुख्यतः वाळलेलं गवत. कुसळीसारखं गवत उभ्या चढावर वाऱ्याबरोबर इतक्या झपाट्याने पेटतं की पथक वर पोचेपर्यंत उतार काळा झालेला असतो. पाण्याचा बंब तर रस्ता संपतो तिथंच थांबतो. उपग्रहाचा इशारा उपयोगी आहेच, पण व्हीआयआयआरएस हा आग टिपणारा उपग्रहावरचा संवेदक दुपारी आणि रात्री दीडच्या सुमारास वरून जातो. चार वाजता लागलेली आग त्याला दिसेपर्यंत विझलेलीही असते.

जाळरेषेत सगळा खेळ वेळेचा. पावसाळा सरल्यावर गवत अर्धं हिरवं असतानाच पट्ट्याच्या दोन्ही कडा कापून साफ करायच्या. मधलं गवत वाळलं की वारा पडलेला असताना, माणसं दोन्ही बाजूंना उभी करून जाळायचं. वणव्याचा हंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून धरतात, म्हणून हे त्याआधीच उरकायला हवं. पैसे उशिरा आले की भर वाऱ्यात जाळावं लागतं आणि जाळरेषेचाच वणवा होतो. रस्त्याकडेची आणि पायवाटेलगतची रेषा पहिली घ्या, कारण आग बहुतेकदा माणसाच्या हातूनच लागते.

ब्लोअर लागतातच, पण रेषेवर उभं राहून चालवायला. धूर दिसला तर वन विभागाला 1926 वर कळवा.