वाचक विचारतात : लहान धावपट्टी, काळी माती आणि पावसाळा

माळव्यातल्या लहान धावपट्ट्यांविषयी आलेल्या पत्रांतले काही निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे.

प्रश्न : बिजासन टेकडीजवळचे इंदूरचे विमानतळ होळकरांच्या काळातले, असे घरातली वडीलधारी मंडळी सांगतात. हे खरे का? – एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : खरे आहे. १९३५ मध्ये होळकर संस्थानाने जागा निवडण्यासाठी टाटांच्या हवाई सेवेतले नेव्हिल व्हिंटसेंट यांचा सल्ला घेतला आणि बिजासनचा परिसर ठरला. १९३२ मध्ये जेआरडींनी कराचीहून टपालाचे विमान मुंबईला आणले, ते पुढे मद्रासला नेणारे वैमानिक हेच. त्या काळी जुहूचे मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई आणि टाटांना विमाने पुण्याला हलवावी लागत. जमीन निचऱ्याची असावी, हे अशा माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

ग्वाल्हेर, दिल्ली आणि मुंबईसाठी इथून विमानसेवा सुरू झाली ती जुलै १९४८ मध्ये. एप्रिल १९५० मध्ये विमानतळ केंद्र सरकारकडे गेले आणि ५६०० फुटांची धावपट्टी मार्च १९६६ मध्ये पूर्ण झाली. आज तिची लांबी सुमारे २७५० मीटर आहे. धावपट्टीच्या टोकांवर लिहिलेले ०७ आणि २५ म्हणजे होकायंत्रावरचे ७० आणि २५० अंश. पावसाळी वारा नैऋत्य-पश्चिमेकडून येतो आणि विमान वाऱ्याला सामोरे उतरवायचे असते, म्हणून ही दिशा सोयीची.

प्रश्न : आमच्या गावाजवळ ७०० मीटर लांबीची सपाट जमीन आहे. चार आसनी विमान उतरेल अशी गवती धावपट्टी तिथे होईल का? – एक वाचक, देवास

उत्तर : उतरेल, अडचण पुन्हा उडण्याची आहे. गणित करून पाहू. सेस्ना १७२ सारखे पूर्ण भारलेले विमान समुद्रसपाटीला, १५ अंश तापमानात, कोरड्या डांबरी पट्टीवरून धावू लागल्यापासून ५० फूट उंची गाठेपर्यंत सुमारे ५०० मीटर घेते. उंचीमुळे हवा विरळ होते, म्हणून दर ३०० मीटर उंचीला ७ टक्के वाढवायचे. इंदूर विमानतळाची ५६४ मीटर उंची धरली तर आकडा ५६६ वर जातो. त्या उंचीचे प्रमाण (हिशेबासाठी मानलेले) तापमान सुमारे ११ अंश, आणि मे महिन्यातले सरासरी कमाल ४० च्या आसपास. वरच्या प्रत्येक अंशाला १ टक्का, म्हणजे ७२८ मीटर. जमिनीला १ टक्का उतार असेल तर आणखी १० टक्के, म्हणजे ८०० मीटर. कोरड्या गवतासाठी जमिनीवरच्या धावेच्या, म्हणजे चाके जमीन सोडेपर्यंतच्या अंतराच्या, १५ टक्के धरले की ८६० च्या पुढे. वर सुरक्षेसाठी एक तृतीयांश राखीव ठेवा.

तेव्हा ७०० मीटरवर मे महिन्यातल्या दुपारी भरलेले चार आसनी विमान उडवण्याचा विचारही करू नका. डिसेंबरातल्या सकाळी एकट्या वैमानिकाचे, कमी इंधनाचे विमान ही वेगळी गोष्ट. पण तो निर्णय त्या विमानाच्या पुस्तिकेतल्या कोष्टकावरून घ्यायचा. उंची आणि तापमान मिळून वाढ ३५ टक्क्यांवर गेली की ही ढोबळ रीत पुरत नाही, जागेचा स्वतंत्र अभ्यास करावा लागतो. माळव्यातल्या उन्हाळ्यात ती जातेच.

टोकांपलीकडेही पाहा. पट्टीच्या टोकापासून ३० मीटरपुढे दर २० मीटरला १ मीटर या चढणीच्या वर झाड, विजेची तार किंवा मोबाईलचा मनोरा नको. ५ मीटर उंच तार टोकापासून १०० मीटर दूर असेल, तर तिथे ती रेषा साडेतीन मीटर उंचीवर असते, म्हणजे तार अडथळाच. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा परवाना आणि संरक्षण खात्याची ना-हरकत यांची चौकशी खर्च करण्याआधी करा.

प्रश्न : काळ्या मातीवर मुरूम टाकून रोलर फिरवला तर पट्टी टिकेल का? – एक वाचक, उज्जैन

उत्तर : एक उन्हाळा टिकेल. काळी माती पाणी शोषून फुगते आणि वाळली की भेगाळते. वरचा थर कितीही पक्का असला तरी खालून उचलला जातो. म्हणून आधी दर १०० मीटरवर दीड-दोन मीटर खोल खड्डे घेऊन मातीचे नमुने काढा. साधी परीक्षा अशी : वाळवून बारीक चाळलेली १० ग्रॅम माती १०० मिलिलिटरच्या दोन नळ्यांत घाला, एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. रॉकेलात माती फुगत नाही. २४ तासांनी पाण्यात १८ आणि रॉकेलात ११ मिलिलिटर भरली, तर फुगवटा सुमारे ६४ टक्के. ५० च्या वर गेली की ती माती तशीच वापरू नये.

उपाय चुन्याचा. १५ सेंटिमीटर थरात चौरस मीटरला अंदाजे २४० किलो माती असते. त्यात ४ टक्के म्हणजे साडेनऊ-दहा किलो चुना. प्रमाण प्रयोगशाळेकडून पक्के करून घ्या. ढेकळे फोडून मिसळा, पाणी मारून एक-दोन दिवस मुरू द्या, मग रोलर फिरवा आणि आठवडाभर ओल ठेवा. वर मुरूम १५-१५ सेंटिमीटरच्या दोन थरांत. ३० सेंटिमीटर एकदम टाकला तर रोलरचा दाब तळापर्यंत पोचत नाही.

मध्यरेषेपासून दोन्ही कडांना २ टक्के उतार द्या : १८ मीटर रुंद पट्टीत मध्य कडेपेक्षा १८ सेंटिमीटर उंच. पाणी काढणारे चर कडेला लागून खोदण्याची चूक फार होते. पट्टीवरून घसरलेले चाक त्यात अडकले तर विमान उलटू शकते. चर मध्यरेषेपासून ३० मीटरच्या बाहेरच हवा. कडेला बाभूळ किंवा निलगिरीही नको. मुळे एका बाजूची ओल ओढतात आणि कडेला समांतर लांब भेग पडते. गवत लावायचे तर हरळी. ती आडवी पसरते आणि माती धरून ठेवते.

प्रश्न : वापरात नसलेल्या पट्टीवर सोयाबीन वाळवले, मोटार शिकली, तर काय बिघडते? – एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : बरेच काही. सांडलेल्या दाण्यांवर पक्षी येतात, पक्ष्यांमागे कुत्री. ट्रॅक्टरच्या चाकांतून खडे येतात, आणि प्रोपेलरने उचललेल्या खड्याने पात्याच्या कडेला खाच पडते. तिथूनच तडा वाढतो, म्हणून अशी खाच तंत्रज्ञाकडून घासून घेतल्याशिवाय उड्डाण नको. वापर नसलेले डांबरही आपोआप कडक होऊन तडकते. तड्यांत गवत उगवते आणि पहिल्याच पावसात पाणी खालच्या मातीपर्यंत जाते. मृगापूर्वी तडे साफ करून डांबराने बुजवणे आणि चर मोकळे करणे, एवढे तरी दरवर्षी व्हायलाच हवे.

प्रश्न : वाऱ्याची दिशा दाखवणारे कापडी शिड गावात शिवता येईल का? – एक वाचक, महू

उत्तर : येईल. लांबी किमान ३.६ मीटर, तोंडाचा व्यास ०.९ मीटर. नारिंगी आणि पांढऱ्या रंगाचे पाच पट्टे एकाआड एक, पहिला आणि शेवटचा नारिंगी. तोंडाची कडी खांबावर सहज फिरली पाहिजे. गंजलेली कडी जुनीच दिशा दाखवत राहते. खांब झाडांच्या आणि इमारतींच्या आडोशापासून दूर रोवा आणि भोवती १५ मीटर व्यासाचे, १.२ मीटर रुंद पट्ट्याचे पांढरे वर्तुळ चुन्याने आखा. पावसाने ते धुऊन जाते, तेव्हा दसऱ्याच्या सुमारास पुन्हा आखावे लागेल.