काकांच्या बंद स्टुडिओत सापडलेली डेव्हलपर-फिक्सरची जुनी पावडर अजून चालेल का?

तुम्ही लिहिलंय की मालवणच्या घरी माळ्यावर काकांच्या स्टुडिओतली डेव्हलपरची (फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या रसायनाची) पाकिटं, हायपोची (ते चित्र पक्कं करणाऱ्या फिक्सरच्या मिठाची) मोठी बरणी आणि लेबल नसलेल्या दोन-तीन बाटल्या सापडल्या. पाकिटांवरची मुदत १९९८ला संपलेली. फेकू की वापरू, असं विचारलंय.

फेकू नका, पण न तपासता रोलही धुवू नका. मी वेंगुर्ल्याकडे राहतो, न्हाणीघरातच काळे-पांढरे रोल धुतो आणि अशी बरीच जुनी पाकिटं वापरली आहेत. छापलेल्या तारखेपेक्षा पाकिटात हवा आणि ओल शिरली का, ते महत्त्वाचं. आपल्याकडे चार महिने मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, तिथं कागदी पाकिटाचा काय निभाव लागणार? सीलबंद पत्र्याचा डबा मात्र पंचवीस वर्षांनीही आतून कोरडा ठणठणीत निघालेला मी पाहिलाय.

डेव्हलपरमध्ये काम करतात ती मेटॉल आणि हायड्रोक्विनोन. हवा लागली की ती दोन्ही काळवंडतात. त्यांना जपायला सोडियम सल्फाइट असतं, पण ओल आणि हवा मिळाली की त्याचंही हळूहळू सल्फेट होतं आणि मग राखणदारच उरत नाही. म्हणून पाकीट कात्रीने कापा, पावडर पांढऱ्या कागदावर ओता आणि दिवसाच्या उजेडात रंग बघा. रव्यासारखी पांढरी किंवा किंचित पिवळसर असेल तर पुढे जा. नाचणीच्या पिठासारखी दिसली तर तिथेच थांबा. नुसत्या गुठळ्या झाल्यात आणि रंग पांढराच आहे, तर बहुतेकदा आतल्या सोड्याने ओल धरलेली असते. अशी पावडर मी फोडून वापरतो.

पाकीट अर्धं वापरून अर्धं ठेवू नका. आतली रसायनं कणाकणाने सारखी मिसळलेली नसतात, त्यामुळे एका अर्ध्यात मेटॉल जास्त आणि दुसऱ्यात कमी असं होतं. पाणी उकळून निववलेलं घ्या, खाडीकाठच्या विहिरीचं मचूळ पाणी नको. विरघळल्यावर द्रावण कोऱ्या चहासारखं दिसलं तर ओतून द्या.

आता खरी परीक्षा. रोलच्या सुरुवातीची जी जीभ डबीबाहेर असते ती उजेड खाल्लेलीच असते. तिचा बोटभर तुकडा कापून उजेडातच डेव्हलपरमध्ये टाका आणि रोलला देणार तेवढाच वेळ ठेवा. नंतर फिक्स करून वर्तमानपत्रावर ठेवा. खालची अक्षरं अजिबात दिसता कामा नयेत. तुकडा काळ्याऐवजी करडा दिसला तर डेव्हलपर मेला. फोटो छापायच्या कागदाचा डेव्हलपर असेल तर त्या कागदाचा, म्हणजे ब्रोमाइड पेपरचा, उजेड लागलेला तुकडा टाका. दहा-पंधरा सेकंदांत काळा पडायला लागून दीड-दोन मिनिटांत गडद काळा व्हायला हवा.

हे मी एकदा टाळलं. पाकीट बाहेरून कोरं होतं, रंगही ठीक वाटला, आणि आमच्या गावची रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढतानाचा रोल मी थेट त्यात धुतला. निगेटिव्हवर आभाळ आणि लाटांचा फेस तेवढा उमटला. दोर ओढणाऱ्या माणसांच्या जागी काचेसारखी स्वच्छ फिल्म होती. ती सकाळ गेली ती गेलीच. कागद फसला तर दुसरा घेता येतो, फिल्मचं तसं नाही. म्हणून जुन्या पावडरीचा पहिला रोल अंगणातल्या माडांचा काढा.

रोल डेव्हलपरमध्ये किती वेळ ठेवायचा याचे तक्ते बहुधा २० अंशांचे असतात आणि आपलं नळाचं पाणी मे महिन्यात २८-३० अंशांवर जातं. बादलीत बर्फाची पिशवी ठेवून मी २४वर आणतो आणि वेळ साधारण ३० टक्के कमी करतो. पाकीट डी-७६ या फिल्मच्या डेव्हलपरचं असेल तर तयार द्रावणात तेवढंच पाणी मिसळून पातळ करा, म्हणजे वेळ हाताबाहेर आखूड होत नाही.

हायपो फारसा बिघडत नाही. दगडासारखा झाला तरी चालतो. लिटरला २५० ग्रॅम घाला; विरघळताना भांडं बाहेरून गार लागतं, ती चांगली खूण. फिल्मचा न धुतलेला तुकडा टाकून तो दुधाळ असतो त्याचा पारदर्शक व्हायला किती वेळ लागतो ते घड्याळावर बघा आणि रोल त्याच्या दुप्पट वेळ ठेवा. दहा मिनिटं होऊनही दुधाळच राहिला तर तो हायपो नको. आधीच तयार केलेलं अ‍ॅसिड फिक्सर बाटलीत असेल आणि तळाशी पिवळट गाळ असेल, तर ते गंधक आहे, फिक्सर गेला.

लेबल नसलेल्या बाटल्या मात्र उघडूसुद्धा नका, अगदी कळकळीने सांगतो. जुन्या स्टुडिओंत फिकी निगेटिव्ह गडद करायला मर्क्युरिक क्लोराइड वापरत. ते पांढरंच दिसतं आणि जहाल विष आहे. नारिंगी खडे डायक्रोमेटचे असू शकतात, तेही घातक. बाटल्या मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा आणि एखाद्या कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागात विचारा. बाकी पावडर हाताळतानाही हातमोजे घाला, मेटॉलने कित्येकांच्या बोटांना खाज सुटून कातडी फुटते.

वापरलेला फिक्सर व्हाळात किंवा माडाच्या आळ्यात ओतू नका, त्यात चांदी उतरलेली असते. मी तो प्लास्टिकच्या बादलीत ठेवून त्यात लोखंडी तारेचा बारीक काथ्या टाकतो. आठवडाभरात लोखंड विरघळतं आणि चांदी काळ्या गाळासारखी तळाशी बसते.