दूतावासातल्या मोठ्या अधिकाऱ्याचं आयुष्य खरोखर कसं असतं? मुलीला आयएफएसमध्ये जाऊ द्यावं का?

तुमची मुलगी यूपीएससीच्या पसंतीक्रमात आयएफएस, म्हणजे भारतीय परराष्ट्र सेवा, सगळ्यात वर टाकायचं म्हणतेय आणि तुम्हाला धास्ती आहे की ही नोकरी म्हणजे नुसत्या मेजवान्या आणि विमानप्रवास. मी अधिकारी नव्हतो. आखातातल्या एका भारतीय दूतावासात कॉन्सुलर विभागात, म्हणजे तिथल्या भारतीयांचे पासपोर्ट आणि अडीअडचणी बघणाऱ्या विभागात, कर्मचारी होतो, त्यामुळे राजदूतांचं काम रोज जवळून पाहिलं.

शिडी थोडक्यात सांगतो. आधी मसुरीच्या अकादमीत प्रशिक्षण, मग दिल्लीतली सुषमा स्वराज परराष्ट्र सेवा संस्था, मग एक परकी भाषा. त्या भाषेची परीक्षा पास झाल्याशिवाय नोकरी पक्की होत नाही. थर्ड सेक्रेटरीपासून चढत चढत राजदूत व्हायला वीसेक वर्षं सहज जातात. राष्ट्रकुलातल्या देशांत त्याच पदाला उच्चायुक्त म्हणतात. आपल्या विजय गोखल्यांचंच बघा. १९८१ची बॅच, भाषा चिनी. मलेशियात उच्चायुक्त, जर्मनी आणि चीनमध्ये राजदूत, आणि २०१८मध्ये परराष्ट्र सचिव.

आता मेजवान्यांचं. तेलंगणातला एक गवंडी साइटवर वारला. आमच्याकडे अशा वेळी कागद ठरलेले असतात: मृत्यूचा दाखला, घरच्यांचं संमतीपत्र, एम्बाल्मिंगचा (मृतदेह टिकवण्याच्या प्रक्रियेचा) दाखला, आमचं ना-हरकत पत्र. पासपोर्टवर रद्दचा शिक्का मारून त्याचा कोपरा कापायचा. ती कात्री माझ्या हातात असायची आणि कितीही वर्षं झाली तरी त्या फोटोकडे बघवायचं नाही. या वेळी कफील, म्हणजे त्याला कामावर ठेवणारा तिथला मालक, सही देईना, कारण सही केली की थकलेला पगार द्यावा लागणार होता. नऊ दिवस मृतदेह शवागारात. गावाकडून बायकोचा फोन रोज यायचा.

शुक्रवारच्या ओपन हाउसमध्ये, म्हणजे कुणीही तक्रार घेऊन येऊ शकेल अशा दूतावासातल्या बैठकीत, त्या गवंड्याच्या खोलीतली चार माणसं आली. राजदूतांनी सगळं ऐकून घेतलं, फाइल मागवली आणि तिथल्या कामगार खात्यातल्या एका बड्या अधिकाऱ्याला स्वतः फोन लावला. सुट्टीचा दिवस असून त्याने फोन उचलला, कारण वर्षभर प्रत्येक इफ्तारीला, प्रत्येक राष्ट्रीय दिनाला आमचे साहेब त्याला आवर्जून भेटत आले होते. रविवारी सही आली, मंगळवारी पेटी हैदराबादच्या विमानात चढली. मेजवान्या कशासाठी असतात ते मला त्या दिवशी कळलं.

किंमत मात्र मोठी असते. साधारण तीन वर्षांनी बदली, खडतर ठिकाणी दोनच. साहेबांच्या मुलीची बारावीपर्यंत पाच शाळा झाल्या. त्यांचे वडील गेले तेव्हा ते अंत्यसंस्काराला पोचू शकले नाहीत. पुण्यातल्या म्हात्रे पुलावरून आपण रोज जातो, पण ते रवींद्र म्हात्रे बर्मिंगहॅममधले आपले राजनैतिक अधिकारी होते हे किती जणांना ठाऊक आहे? फेब्रुवारी १९८४मध्ये मुलीच्या वाढदिवसाचा केक घेऊन घरी चालले असताना त्यांना पळवून नेलं आणि मारलं. मुलीला पाठवण्याआधी तुम्ही दोघांनी हे माहीत करून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

माझी मुलगी असती तर मी जाऊ दिलं असतं. भाषा निवडायची वेळ आली तर तिला अरबीचा विचार करायला सांगा. आखातात सुमारे नव्वद लाख भारतीय आहेत, आणि शवागारात फोन लावला की पलीकडचा माणूस बहुतेक वेळा अरबीतच बोलतो.