कोर्नेर की कोर्नारो?

प्रश्न असा आहे: सायप्रसच्या राणीचं नाव एका लेखात ‘कातेरिना कोर्नारो’ आहे, तर दुसऱ्यात ‘कातेरिना कॉर्नर’. या दोन बायका की एकच? मराठीत काय लिहावं?

बाई एकच, घराणंही एकच. व्हेनिसच्या बोलीत आडनाव ‘कोर्नेर’, जोर ‘ने’वर. प्रमाण इटालियनमध्ये त्याचंच ‘कोर्नारो’ होतं. पाववाल्याला इटालियनमध्ये ‘फोर्नायो’ म्हणतात, व्हेनिसचा माणूस ‘फोर्नेर’ म्हणतो. तीच ही लकब. आपल्या शिंद्यांचं इंग्रजीतून ‘सिंदिया’ झालं, तरी घराणं बदललं नाही, तसंच हे. ‘कॉर्नर’ मात्र सरळ चूक आहे. रोमन अक्षरं इंग्रजी समजून वाचली की घराण्याचा रस्त्याचा कोपरा होतो! लॅटिनमध्ये हे लोक स्वतःला ‘कोर्नेलियुस’ म्हणवत, कारण प्राचीन रोमच्या कोर्नेलिया कुळाशी त्यांना नातं सांगायचं होतं.

माझं मत: व्हेनिसमधल्या वास्तूंना ‘कोर्नेर’च ठेवावं. कातेरिना जिथे जन्मली त्या जागी अठराव्या शतकात उभा राहिलेला वाडा आजही ‘का कोर्नेर देल्ला रेजिना’, म्हणजे ‘राणीचा कोर्नेर वाडा’. यातलं ‘का’ म्हणजे ‘कासा’, घर. तिथेही बोलीने शब्द आखूडच केला. राणीला मात्र ‘कोर्नारो’ म्हणावं, जगभर तेच रुळलं आहे. १४७२ मध्ये ती सायप्रसला नांदायला गेली, वर्षभरात राजा वारला आणि १४८९ मध्ये व्हेनिसने तिला राज्य सोडायला लावून आसोलो हे छोटं गाव दिलं. रोममध्ये बेर्निनीने घडवलेलं संत तेरेसाचं शिल्प ज्या चॅपेलात आहे, तेही ‘कोर्नारो’च; ते कार्डिनल फेदेरिकोने करवून घेतलं. दोन्ही बाजूंच्या सज्जांत घराण्यातली माणसं संगमरवरात बसली आहेत, कुणी वाचतंय, कुणी शेजाऱ्याशी बोलतंय. घराण्यात चार दोजे, म्हणजे व्हेनिसचे राज्यप्रमुख, झाले. पहिला मार्को, १३६५ मध्ये.

मला सगळ्यांत मोलाची वाटते ती एलेना लुक्रेझिया कोर्नारो पिस्कोपिया. २५ जून १६७८ रोजी तिने पादुआ विद्यापीठाची तत्त्वज्ञानातली डॉक्टरेट मिळवली. असा मान मिळवणारी पहिली स्त्री म्हणून तिचं नाव घेतात. ‘पिस्कोपिया’ला पुष्कळजण दुसरं आडनाव समजतात. ते आहे सायप्रसमधल्या एपिस्कोपी गावाचं नाव. तिथे या शाखेचे उसाचे मळे होते.