घडीचा चाकू खोलून साफ करावा की नुसता धुवावा?

तुम्ही लिहिलंय की दोन दिवसांच्या मुक्कामात एकाच घडीच्या चाकूनं कच्चं मांस, कांदा, टोमॅटो, चीज असं सगळं कापलं, पातं पुसलं आणि चाकू मिटून बॅगेत टाकला. आता तो उघडताना अडखळतो, वास मारतो आणि पात्यावर करडे-निळसर डाग दिसतायत. स्क्रू काढून आतून साफ करावा, की पाण्यात घातला तर बिघडेल?

खोलू नका, धुवा. पाण्यानं चाकू बिघडत नाही, आत राहिलेल्या पाण्यानं बिघडतो. व्हिक्टोरिनॉक्ससारखी घडीचे चाकू बनवण्यातली मुरलेली कंपनीसुद्धा हेच सांगते: कोमट पाण्यात बुडवून काही वेळा उघडझाप करा, वाळवा, तेलाचा थेंब सोडा.

पातं तुम्ही पुसलंत, ते ठीकच. पण वास पात्याला येत नाही. चाकू उघडा आणि उजेडासमोर धरून मुठीच्या पोटात बघा, जिथे पातं मिटल्यावर जाऊन बसतं तिथे. तळाशी तपकिरी थर दिसेल. पातं जिथे पिनेवर फिरतं तिथे दोन्ही बाजूंना पातळ वॉशर असतात आणि चरबी, रस, चीजचा चिकटा सगळा त्या फटीत ओढला जातो. चाकू मिटला की पात्यावर उरलेलंही आत जातं आणि बंद जागेत ओलसर राहतं.

सुरुवात गार किंवा जेमतेम कोमट पाण्यानं करा. बरेच जण उकळतं पाणी ओततात, मीही ओतायचो. मांसाच्या रसात आणि अंड्यात प्रथिनं असतात. अंड्याचा पांढरा भाग साधारण ६० अंश सेल्सिअसला घट्ट होऊ लागतो, आणि जे तव्यावर होतं तेच पिनेच्या फटीत होतं. म्हणून आधी गार पाण्याची धार, मग चरबीसाठी गरम पाणी आणि भांड्यांचा लिक्विड साबण. तुमचा मळ वाळून बसलाय, तेव्हा पाच-दहा मिनिटं साबणाच्या पाण्यात ठेवायलाही हरकत नाही; मात्र मूठ लाकडाची, हाडाची किंवा शिंगाची असेल तर अजिबात नको. ओपिनेलसारख्या लाकडी मुठीच्या चाकूत पाणी गेलं की लाकूड फुगतं आणि पातं आतच आवळलं जातं. असं झालं तर ओढाताण न करता मुठीचं टोक टेबलावर ठोकायचं, पातं नखात येण्याइतकं वर सरकतं. तसले चाकू नळाखाली झटपट धुऊन लगेच पुसावेत.

भिजल्यावर जुना टूथब्रश घ्या. मुठीच्या पोटात, पिनेभोवती, लॉकच्या (उघडलेलं पातं आपोआप मिटू न देणाऱ्या) पट्टीमागे घासा. ब्रश पोचत नाही तिथे लाकडी दातकोरणं, नाहीतर दातांच्या फटीत घालतात तो बारीक ब्रश. सुई किंवा टाचणी नको, ती वॉशरला ओरखडे पाडते. मग चाकू पाण्याखाली धरून वीसेक वेळा उघडा-मिटा. पहिल्या चार-पाच वेळांत काही होत नाही, मग पिनेच्या कडेनं काळपट करडी पेस्ट बाहेर यायला लागते. जुनं तेल, धातूची बारीक कीस आणि तुमचं टोमॅटो, सगळं एकत्र. पाणी स्वच्छ येईपर्यंत उघडझाप चालू ठेवा. फक्त हात साबणाचे आहेत हे लक्षात असू द्या: मिटताना पातं पाठीकडून चिमटीत धरायचं आणि बोटं खाचेच्या वाटेत ठेवायची नाहीत. पुसतानाही फडकं पाठीकडून धारेकडे न्यायचं.

कच्चं मांस कापलंय म्हणून ब्लीच वापरावंसं वाटेल. नका वापरू. त्यातलं क्लोरीन स्टेनलेस स्टीललाही टोचे पाडतं. साबणानं नीट धुतल्यावर मनात शंका उरलीच तर ७० टक्क्यांचं अल्कोहोल फटींत सोडा. जंतू मारायला ते शुद्ध अल्कोहोलपेक्षा बरं, आणि उडूनही जातं. डिशवॉशरमध्ये तर कधीच टाकू नका. उष्णता, तीव्र पावडर आणि तासभर वाफ, मुठीची आणि धारेची दोघांची वाट लागते.

आता वाळवणं, आणि लोक कंटाळा करतात तो इथेच. फडक्यानं पुसून चाकू मिटून ठेवला तर पुढच्या आठवड्यात पिनेजवळ तांबूस रेघ दिसणार. चाकू झटका, फडक्याचं टोक पिळून खाचेत फिरवा, हेअर ड्रायर असेल तर फटीत मिनिटभर वारा मारा. मग अर्धा उघडा, पिनेची बाजू खाली करून, सावलीत रात्रभर ठेवा. घरात लहान मुलं असतील तर उंचावर.

तेल सगळ्यात शेवटी, आणि तेही एक थेंब. स्वयंपाकाचं तेल घालू नका, मग ते कितीही महागाचं असो. ते हवेनं घट्ट होतं, खवट होतं आणि महिन्याभरात चाकू पहिल्यापेक्षा जास्त अडतो. खाण्याला चालणारं मिनरल ऑइल घ्या. औषधांच्या दुकानात लिक्विड पॅराफिन मिळतं ते हेच; बाटली बद्धकोष्ठतेच्या औषधांशेजारी असते म्हणून बिचकू नका. डब्ल्यूडी-४० हे फवारायचं तेल बऱ्याच जणांच्या हाताशी असतं. ते १९५३ सालचं, पाणी हटवण्यासाठीच बनवलेलं, त्यामुळे पाणी हटवतं यात वाद नाही, पण ज्या पात्यानं सफरचंद कापायचं त्यावर मला ते नको. थेंब पिनेवर सोडा, दहा वेळा उघडझाप करा, बाहेर आलेलं पुसून टाका. जास्त तेल म्हणजे खिशातला सगळा कचरा चिकटवून घेणं.

डागांचं. करडे, निळे, काळे डाग असतील तर पातं कार्बन स्टीलचं असणार आणि कांदा-टोमॅटोनं त्यावर राप चढलाय. तो घासून काढायची गरज नाही, उलट त्यानं गंज थोडा रोखला जातो. काळजी लालसर-नारिंगी ठिपक्यांची. ते खायच्या सोड्याची पेस्ट करून बोटानं किंवा कॉर्कच्या बुचानं घासून काढा आणि वर तेलाचा हात फिरवा. ‘पण माझा तर स्टेनलेस आहे’ असं म्हणत असाल तर स्टेनलेसलाही गंज येतो, उशिरा येतो एवढंच. त्यात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतं. गंज लागूच नये याची हमी त्यात नसते.

हे सगळं एकीकडे आणि लॉक एकीकडे. तुमचा चाकू अडखळतो हे वाचल्यावर मला पहिली काळजी लॉकचीच वाटली. एकदा मी चाकूनं पीनट बटर लावलं, पातं चाटूनपुसून चाकू मिटला. दुसऱ्या दिवशी उघडला तेव्हा नेहमीचा ‘टक्’ असा आवाज आला नाही, काहीतरी मऊ लागल्यासारखं झालं. मी दुर्लक्ष केलं. वाळलेल्या पावाच्या कडेवर जोर दिला, पातं अडकलं, सोडवायला उलटं हलवलं आणि ते सरळ मिटलं. तर्जनीवर वण आहे अजून. लायनर लॉकमध्ये मुठीतली एक पातळ पट्टी स्प्रिंगसारखी सरकून पात्याच्या बुडाला टेकते, आणि त्या दोघांच्या मध्ये तांदळाच्या कणीएवढं काही सुकून बसलं तरी पट्टी पूर्ण सरकत नाही. म्हणून तो टेकायचा भाग दातकोरण्यानं खरवडा आणि अल्कोहोलच्या बोळ्यानं कोरडा करा. तिथे तेल नको. मग चाकू उघडून, सगळी बोटं पात्याच्या वाटेतून काढून, पात्याच्या पाठीवर तळहातानं हलकेच दाबून बघा. जराही सरकलं तर तो चाकू तूर्त वापरू नका.

एवढं करूनही करकर राहिली तर आत वाळू असेल, आणि वाळू धुऊन निघाली नाही तर खोलावा लागेल. स्क्रू बहुतेक टी६ किंवा टी८ मापाचे टॉर्क्स, म्हणजे चांदणीच्या आकाराच्या खाचेचे, असतात. बरोबर मापाचा पाना नसेल तर हात लावू नका, डोकी गोल होतात. काही कंपन्या खोललेल्या चाकूची वॉरंटी देत नाहीत, तेही आधी बघा. कडा असलेला ट्रे घ्या आणि प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा. मी पहिल्यांदा खोलला तो बेअरिंगवाला निघाला, मोहरीएवढ्या गोळ्या जमिनीवर सांडल्या. एक आजतागायत सापडलेली नाही. चाकू फिरतो तिच्यावाचून, पण जरासा डगमगतो.