अंग २, डोकं ८

"शेताकडं पाणी सोडायला जात्यात, बांधावरनं अर्धा तास हिंडून येत्यात, तवा काय होत नाही ह्यांना. आणि सोसायटीतनं आले की चहा निवंस्तोवर आडवे. हे दुखणं म्हणायचं की आळस ओ मॅडम?"

बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या एका वहिनींनी नवऱ्याच्या देखतच मला हे विचारलं. (ओळख पटेल असे तपशील बदललेत.) पक्षाघात असो, एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार) असो की पार्किन्सन, घरोघरी हाच प्रश्न असतो. बाकीचे तो पेशंट बाहेर गेल्यावर विचारतात, एवढाच फरक.

वहिनींचे यजमान, भाऊ, पन्नाशीच्या आतले, पतसंस्थेत काउंटरवर. दहा महिन्यांपूर्वी पक्षाघाताचा सौम्य झटका येऊन गेला. हातात ताकद परत आली, बोलणं स्वच्छ झालं, आणि घरच्यांना दिसण्यासारखं काही उरलंच नाही. झटका सौम्य म्हणजे नंतरचा थकवाही सौम्य, असा हिशेब मेंदूच्या बाबतीत चालत नाही.

हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, साखर, घोरणं, चालू गोळ्या हे सगळं डॉक्टरांनी आधीच तपासलं होतं. मी उदासीनतेबद्दल विचारून घेतलं. मुलीच्या निकालाचा विषय निघाला तर चेहरा फुलत होता. एवढं झाल्याशिवाय मी थकव्याची प्रश्नावली पुढे करत नाही.

पहिल्या भेटीत 'फटीग सिव्हिअरिटी स्केल' घेतली. १९८९ सालची, नऊ विधानांची. प्रत्येकाला १ ते ७ गुण, आणि सरासरी ४ किंवा वर गेली की थकव्याची दखल घ्यायची. भाऊंची बेरीज ४१, म्हणजे सरासरी साडेचारच्या आसपास. मी वहीत 'काठावर' असं लिहून मोकळी झाले. तिथे माझं चुकलं. त्या विधानांचा कल बराचसा शरीराकडे आहे. थकवा किती ते कळतं, कसला ते कळत नाही.

शब्दानंही दगा दिला. "दमता का?" असं मी विचारत होते. आपल्याकडं दमणं म्हणजे चढ चढून धाप लागणं, उसाच्या मोळ्या उचलून अंग मोडणं. निघता निघता चप्पल घालताना ते म्हणाले, "दमत नाही ओ मी. डोकं बंद पडतंय."

पुढच्या भेटीला 'मॉडिफाइड फटीग इम्पॅक्ट स्केल' काढली. ही मूळ एमएसच्या पेशंटांत रुळलेली, पण मेंदूच्या इतर आजारांतही वापरतात. २१ प्रश्न, मागचे चार आठवडे डोळ्यांपुढे ठेवून उत्तरं द्यायची. शरीराचे गुण ३६ पैकी, मनाचे (म्हणजे लक्ष, आठवण, विचार यांचे) ४० पैकी, आणि लोकांत मिसळण्याचे ८ पैकी वेगळे निघतात. भाऊंचे शरीराचे १३ आले, मनाचे ३१.

तोच कागद मी वहिनींनाही दिला. 'ह्यांना काय वाटत असेल' ते भरा म्हटलं. त्यांच्या कागदावर शरीराचे १५, मनाचे ९. दोन्ही कागद टेबलावर शेजारी ठेवले. वहिनी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग भाऊंकडे वळून म्हणाल्या, "मला सांगायचं नाही होय?"

काउंटरवर काय चालतं ते मी विचारत गेले. समोरचा मराठीत बोलतोय, फॉर्म कन्नडात, कॉम्प्युटरवर इंग्रजी, मागनं साहेब हाक मारताहेत, आणि हातात मोजायला नोटा. सीमाभागात हे आपण दिवसभर करतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. भाऊंच्याही पूर्वी येत नव्हतं. आता या भाषेतून त्या भाषेत जाताना त्यांना दर खेपेला जोर लावावा लागतो. शेतात पाण्याला एकच वाट असते.

प्रश्नावली मी तोंडी, इथल्या बोलीत समजावून घेतली होती. त्यामुळे त्या आकड्याला मी निदान म्हणत नाही. त्यांचा आजचा आकडा त्यांच्याच पुढच्या महिन्याच्या आकड्याशी ताडायचा, शेजारच्या पेशंटशी नाही.

मग वही. भाऊंनी रोजकीर्दीची जुनी वहीच घेतली. जमा-नावेच्या जागी 'अंग' आणि 'डोकं' लिहिलं. दिवसातून चार वेळा ० ते १० मध्ये आकडा. आठवड्यानं वही माझ्याकडे आली, तर दुपारी दोनच्या ओळी जवळपास सारख्याच: अंग २, डोकं ८. बाजाराच्या दिवशी बाराच्या ओळीलाच ८. आकडे इतके नेटके की कारकुनीचा हात लपत नव्हता.

ती वही घेऊन ते स्वतःच साहेबांशी बोलले. फॉर्मांचं काम सकाळी घेतलं, दुपारी काउंटरवर दुसऱ्याला बसवलं. डोकं ५ झालं की मागच्या खोलीत वीस मिनिटं, मोबाईल न घेता. ८ होऊन टेकण्यापेक्षा ५ ला टेकलेलं बरं, हे त्यांना पटायला दोन आठवडे गेले. "काम टाकून बसलाय असं दिसतंय ओ," हे त्यांचं म्हणणं.

महिन्यानं पुन्हा मोजलं. मनाचे ३१ वरून २६, शरीराचे होते तिथेच. मोठी उडी नव्हे. लग्नाला अजून फक्त अक्षतांपुरते जातात.

वहिनी आता दारातच विचारतात, "डोकं किती?" परवा वहीत एक ओळ त्यांच्या अक्षरातली सापडली: 'मेव्हण्याचा फोन, पाऊण तास. डोकं ९.' मेव्हणा म्हणजे वहिनींचाच भाऊ.